फिर्यादीवाचून खटला : 'घाशीराम कोतवाल' आणि आपण

१

प्रेक्षक सर्वच यशस्वी नाटकांना मिळतात. भक्त थोड्यांनाच मिळतात. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ला ते मिळाले. हे नाटक दहा-दहा वेळा पाहिल्याचे अभिमानाने सांगणारी माणसे आजही भेटतात. त्यातल्या पदांच्या चाली ती गुणगुणतात, ब्राह्मणांची ती डुलणारी रांग कशी उलगडते आणि कशी मिटते ते हातवारे करून दाखवतात. अशा भक्तांत केवळ पांढरपेशे रसिक आहेत असे नाही. आपले कार्यकर्ते आहेत, प्राध्यापक आहेत, दलित साहित्यावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आहेत. ब्राह्मणशाहीची इतकी धिंड मराठी रंगभूमीवर दुसऱ्या कोणी काढली आहे का, असे ते विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातात.

मी हे नाटक पाहिले आहे, वाचले आहे, वर्गात शिकवले आहे. ठेका धरला गेला की इतरांसारखी माझीही मान डोलते. परंतु नाटक संपताना सभागृह ज्या आनंदाने उसळते, तो आनंद मला झालेला नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी एकदा स्नेहसंमेलनात यातले प्रवेश केले, तेव्हा टाळ्यांनी मांडव हलला. त्या टाळ्यांत आमच्या वस्त्यांतली मुलेही होती. ही मुले कशासाठी टाळ्या वाजवीत आहेत, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

हा प्रश्न आवडीनिवडीचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. एखाद्याला एखादे नाटक आवडत नाही, एवढ्यावर समीक्षा उभी राहत नाही. परंतु ज्या नगराने आपल्या पूर्वजांना माणूस मानले नाही, त्याच नगरावरचे एक नाटक पुरोगामी महाराष्ट्राचा मानबिंदू होते आणि आपणही त्याला आपला मानबिंदू म्हणतो, तेव्हा त्या आवडीची चिकित्सा करणे हे आपले काम ठरते.

२

नाटकाचे श्रेय नाटकाला प्रथम दिले पाहिजे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने त्याचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे. संगीत नाटक म्हटले की मराठी मनासमोर मखमली पडदा, ऑर्गनचा सूर आणि कथा थांबवून आळवलेली पदे येत. या मंडळींनी ते चित्र मोडले. इथे पदासाठी कथा थांबत नाही. कथाच पदांतून चालते. हरिनामाचा गजर चालता चालता लावणीच्या अंगाने जातो आणि पुन्हा हरिनामावर येतो. एका चालीतून दुसरीत जाण्याच्या त्या वळणावरच ढोंग उघडे पडते. मुखी देवाचे नाव आणि पाऊल बावनखणीच्या वाटेवर! जे सांगायला निबंधकाराला पाने लागली असती, ते चंदावरकरांनी ठेक्याच्या बदलाने सांगितले.

तीच गोष्ट माणसांच्या भिंतीची. रांगेत उभे असलेले ब्राह्मण कधी पडदा होतात, कधी वाडा होतात, कधी रस्ता, कधी जमाव. पाठ फिरवली की भिंत, तोंड वळवले की साक्षीदार. नेपथ्यावर पैसा न घालता एक अख्खे शहर उभे करण्याची ही युक्ती मराठी रंगभूमीने पूर्वी या ताकदीने पाहिली नव्हती. हे सर्व मान्य आहे.

कथाही सर्वांना ठाऊक आहे. कनोजहून पोटासाठी पुण्यात आलेला घाशीराम हा ब्राह्मण. पुण्यात त्याच्यावर चोरीचा आळ येतो, तो मार खातो, अपमानित होऊन हाकलला जातो आणि सूडाची प्रतिज्ञा करतो. पोटची पोर गौरी नानांच्या वासनेपुढे ठेवून तो बदल्यात कोतवाली मिळवतो. मग रात्रीच्या पुण्यावर त्याचा अंमल सुरू होतो. ज्याच्या त्याच्याकडे परवाना मागायचा, फटके मारायचे, कोठडीत टाकायचे. चोरीचा आळ आलेल्या एका ब्राह्मणाला तो तापलेल्या लोखंडाचे दिव्य करायला लावतो. पुढे गौरी मरते, नाना नवे लग्न करतात, परगावचे ब्राह्मण कोठडीत गुदमरून मरतात, नगर खवळते. नाना एका कागदावर सही करून आपल्याच कोतवालाला जमावाच्या हवाली करतात. घाशीराम ठेचला जातो आणि नाना उत्सवाची आज्ञा देतात. पुन्हा गजर, पुन्हा नाच. घाशीराम नावाचा कोतवाल पुण्यात खरोखर होता आणि १७९१ साली त्याचा अंत असाच दगडांखाली झाला, हे इतिहासात नोंदलेले आहे.

३

या नाटकावर जो वाद झाला तोही आपल्या विषयाचाच भाग आहे. एकोणीस प्रयोग झाल्यावर संस्थेच्या अध्यक्षांनी ते थांबवले. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० साली नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा पुन्हा विरोध झाला.

विरोधकांचे म्हणणे दोन वाक्यांत सांगता येते. नाना फडणवीसांसारख्या मुत्सद्द्याची बदनामी झाली, आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी झाली. समर्थकांचे उत्तरही दोनच वाक्यांत बसते. हे ऐतिहासिक नाटक नाही, आणि त्याचा विषय सत्ता हा आहे. तेंडुलकरांनीही आपले नाटक अनैतिहासिकच म्हटले. वर्षानुवर्षे ही रस्सीखेच चालली. एका टोकाला अब्रू, दुसऱ्या टोकाला अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य. अब्रू कोणाची, तर ब्राह्मणांची. स्वातंत्र्य कोणाचे, तर ब्राह्मणांविषयी बोलण्याचे. भांडण एकाच घरातले होते. घराबाहेर उभा असलेला माणूस त्या भांडणाच्या मध्यभागी कधी आला नाही. नानांच्या पुण्यात महार कुठे होता, मांग कुठे होता, हे ना विरोधकांच्या खिजगणतीत होते, ना समर्थकांच्या.

४

तो कुठे होता, याची साक्ष उपलब्ध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या निबंधात पेशव्यांच्या राजधानीचे उदाहरण दिले आहे. पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे त्याच्या पावलांची धूळ मागच्या मागे झाडली जाईल. आणि गळ्यात मडके अडकवायचे, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडून कोणाला विटाळ होणार नाही. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ सालच्या आपल्या जातिविषयक ग्रंथात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. पेशवाईत दुपारी तीन ते सकाळी नऊ या वेळात महार-मांगांना पुण्याच्या वेशीच्या आत येण्यास बंदी होती. कारण त्या वेळांत सावल्या लांब पडतात आणि लांब सावली उच्चवर्णीयाच्या अंगावर पडण्याचा संभव अधिक!

आता या नोंदीशेजारी 'घाशीराम'चा तो गाजलेला भाग ठेवून पाहा. रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या ब्राह्मणाला कोतवाल अडवतो आणि परवाना मागतो. ब्राह्मण गयावया करतो, चाबूक खातो. प्रेक्षकांच्या अंगावर काटा येतो. स्वतःच्या गावात, स्वतःच्या रस्त्यावर चालायला परवाना लागावा, केवढा हा जुलूम! परंतु त्याच नगरात तीन वाजल्यापासूनच ज्यांना पाऊल टाकायला बंदी होती आणि ज्यांच्या सावलीलाही परवाना नव्हता, त्यांच्यासाठी घाशीराम यावा लागला नव्हता. त्यांची कोतवाली धर्माने केली होती. घाशीराम दगडांनी ठेचला गेला, तेव्हा नगराची सुटका झाली असे नाटकातला जमाव समजतो. वेशीबाहेरच्या माणसासाठी त्या दिवशीही घड्याळ तीनलाच थांबले.

ब्राह्मणांनी काही काळ जे सोसले त्याचे नाव जुलूम, आणि महार-मांगांनी पिढ्यान् पिढ्या जे सोसले त्याचे नाव रूढी. शब्दांचा हा भेद नाटक मोडत नाही. उलट, अनवधानाने का होईना, तो पक्का करते. प्रेक्षक जुलूम ओळखायला शिकतो तो ब्राह्मणाच्या पाठीवरच्या वळावरून.

दुसरी साक्ष एका मुलीची आहे. मुक्ता साळवे ही मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली, चौदा-पंधरा वर्षांच्या आतली मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली पेशवाई तिने त्यात लिहिली आहे. तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचे शिर उडवीत आणि गुलटेकडीच्या मैदानावर त्या शिराचा चेंडू करून तलवारींनी खेळत, असे ती सांगते. वाड्यांच्या पायात मांग-महारांना तेलशेंदूर पाजून गाडत, असेही सांगते. पेशवाई बुडून तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. हे पुणे आणि 'घाशीराम'मधले पुणे एकच. परंतु तेंडुलकरांच्या पुण्यात मुक्ताचा आजा दिसत नाही. संवादात कुठे जातीचा ओझरता उल्लेख आला तरी अस्पृश्य मनुष्य पात्र म्हणून मंचावर उभा राहत नाही. तो जुलूम सोसायलाही नाही, बघ्यांच्या गर्दीतही नाही, मेलेली ढोरे ओढायलाही नाही. रांगेत उभी असलेली ब्राह्मणांची भिंत सगळे शहर होते, आणि त्या भिंतीपलीकडे कोणी असेल अशी शंकाही नाटकाला येत नाही.

५

माणसे मंचावर आली नाहीत. त्यांची कला मात्र आली. हा मुद्दा जरा सावकाश पाहिला पाहिजे.

'घाशीराम'ची मोहिनी ज्या द्रव्याची बनली आहे ते द्रव्य कोणाचे? कोकणातले खेळे, दशावतार, कीर्तन, भारूड, तमाशा, लावणी, ढोलकी. समीक्षक या सर्वांना 'लोककला' हा एकच सोयीचा शब्द वापरतात. त्यात कला राहते, लोक गळतात. कीर्तन ब्राह्मण हरिदासांच्या हाती होते; पण तमाशाचे फड प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी यांनी जगवले. कुलकर्ण्यांच्या घरातले पठ्ठे बापूराव जात सोडून फडावर आले याचे कौतुक ग्रंथांतून होते. त्यांच्या रचना जिच्या गळ्यातून आणि पायांतून महाराष्ट्रभर गेल्या त्या महार समाजातल्या पवळाबाईंच्या वाट्याला त्या कौतुकाचा किती अंश आला? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी प्रयोग चालू असताना पडद्याआड बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर पाऊल ठेवले, ही हकीकत महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. त्यात अभिमान कसला आणि लाज कसली, हे कोणी वेगळे करून सांगत नाही. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच.

तमाशाची ढोलकी फडावर वाजते तेव्हा ती अश्लील ठरते, नाट्यगृहात वाजते तेव्हा प्रायोगिक ठरते आणि युरोपात वाजते तेव्हा भारतीय ठरते. यात तेंडुलकर-पटेल-चंदावरकर यांचा व्यक्तिगत दोष आहे असे मी म्हणत नाही. कलेची देवघेव होतच असते आणि व्हावीही. परंतु देवघेवीत 'घेव'बरोबर 'देव'ही असते. जिच्या जोरावर हे नाटक उभे राहिले त्या कलेच्या धन्यांना नाटकाच्या कथेत बसायला एक पाटही मांडलेला नाही.

बावनखणीचेच उदाहरण घ्या. नाटकात ती ब्राह्मणांच्या ढोंगाचा पुरावा म्हणून येते. ब्राह्मण तिथे जातो, म्हणजे तो खोटा, एवढेच तिचे काम. पण तिथे नाचणाऱ्या बायका कुठल्या घरांतून, कुठल्या दुष्काळातून, कुठल्या बाजारातून आल्या? पेशवाईत बटकी आणि कुणबिणी यांची खरेदी-विक्री होत असे. पेशवे दप्तरात त्याच्या नोंदी आहेत. त्यांच्याकडे नाटक वळत नाही. लावणीच्या तालावर प्रेक्षक डोलतो आणि ब्राह्मणाला हसतो. नाचणारी मात्र पुन्हा एकदा कोणाच्या तरी कामाला येऊन निघून जाते.

याच गणगौळणीच्या बांध्यातून सत्यशोधक जलसे उभे राहिले आणि नंतर आंबेडकरी जलसे उभे राहिले, हे आपण विसरता कामा नये. भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती गावोगाव फिरले तेव्हा त्यांच्या हाती हीच ढोलकी होती. गण बदलला, गौळण बदलली, सोंगाड्याच्या तोंडी सावकार आणि भटजी यांच्याबरोबर आपल्याच वस्तीतल्या अंधश्रद्धाही आल्या. तिथे कलेचा धनी आणि कथेचा धनी एकच होता. भटजीचे ढोंग रंगमंचावर उघडे पाडण्याचे काम मराठीत १९७२ साली सुरू झाले असे मानणे म्हणजे या सगळ्या फिरस्त्या माणसांना दुसऱ्यांदा वेशीबाहेर बसवणे होय.

६

यावर काही आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप माणसांविषयी आहे. तेंडुलकर दलितांविषयी उदासीन होते काय? मुळीच नाही. ज्या १९७२ साली 'घाशीराम' मंचावर आले त्याच साली दलित पँथरची स्थापना झाली, त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि त्याला प्रस्तावना होती तेंडुलकरांची. डॉ. जब्बार पटेलांनी पुढे बाबासाहेबांवर चित्रपट केला, तो २००० साली आला. नाटकाचे इंग्रजी भाषांतर १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्यात जयंत कर्वे यांच्यासोबत होत्या एलिनॉर झेलियट, ज्यांनी आयुष्य आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासात घालवले. ही सगळी आपल्या बाजूची माणसे. म्हणूनच प्रश्न अधिक अवघड होतो. इतक्या सहृदय माणसांच्या हातून पुणे उभे राहिले आणि त्यात आपला माणूस नसल्याचे कोणाला खटकले नाही! ज्या लेखकाने गोलपिठ्याचे जग डोळ्यांनी पाहून त्यावर लिहिले, त्याला शनिवारवाड्याभोवतीचे जग कल्पनेने पाहताना वेशीबाहेर नजर टाकावीशी वाटली नाही. वर्णव्यवस्था दुष्ट माणसांच्या जोरावर टिकते असे आपण समजतो. चांगल्या माणसांच्या नजरेला ती जी सवय लावते त्या जोरावर ती अधिक टिकते.

दुसरा आक्षेप असा की एकाच नाटकाने सगळे सांगावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. खरे आहे. हे नाटक एका ब्राह्मण कुटुंबाची कथा असते तर मी हा प्रश्न विचारला नसता. परंतु त्याचा विषयच नगर आहे. नगरावर अंमल कोणाचा, रस्त्यावरून चालण्याची मुभा कोणाला, शिक्षा कोणाला, हेच त्याचे कथानक आहे. कोतवालीवर नाटक लिहायचे आणि ज्यांच्यावर सर्वांत कडक पहारा होता त्यांना वगळायचे, ही उणीव तपशिलातली राहत नाही. ती विषयातच शिरते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हे नाटक रूपक आहे. सत्ताधारी आपल्या सोयीसाठी राक्षस कसा उभा करतात आणि काम झाल्यावर त्याला कसा मारतात, याचे ते रूपक आहे. या अर्थाने ते देशोदेशी लागू पडते. मान्य. परंतु रूपकाला दोन टोके असतात. सत्ताधाऱ्याच्या टोकाकडून पाहिले तर नाना दिसतात. अपमानिताच्या टोकाकडून पाहिले तर काय दिसते? अपमानित माणसाच्या हाती अधिकार गेला की तो हैवान होतो, हे दिसते. आमच्या वस्तीतला तरुण हे नाटक पाहताना पहिल्या भागात घाशीरामच्या जागी स्वतःला ठेवतो. चोरीचा खोटा आळ, फटके, शहरातून हाकलणे हे त्याला परके नाही. पण दुसऱ्या भागात नाटक त्याला सांगते की तुझ्या अपमानाची परिणती सूडात होणार आणि सूडाची परिणती दगडांत. अपमानिताला अधिकार देऊ नये, असे ज्यांना मनातून वाटते त्यांना ही शिकवण किती सोयीची!

आणि ती आपल्या इतिहासाला धरून नाही. घाशीरामला सूड घेता आला, कारण तो ब्राह्मण होता. कोतवालीपर्यंतची वाट त्याला खुली होती. त्याची मुलगी नानांच्या देवघरापर्यंत जाऊ शकत होती. त्याच पुण्यात चोरीच्या आळाखाली सापडलेल्या मांगाला प्रतिज्ञा करायलाही उसंत मिळाली नसती. पुढे ज्यांनी शतकानुशतकांच्या अपमानाला उत्तर दिले, त्यांनी ते कसे दिले? १९२७ साली महाडला तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन आणि मनुस्मृती जाळून. नंतर संविधान लिहून. १९५६ साली नागपूरला धम्म स्वीकारून. अपमानातून कोतवालीशिवाय दुसरे काही उगवू शकते, याचा जगातला एक थोर दाखला याच मातीत आहे. 'घाशीराम'च्या विश्वात त्या शक्यतेला जागा नाही. तिथे फक्त नाना आहेत, घाशीराम आहे आणि जमाव आहे.

गौरीच्या बाबतीतही हेच घडते. ती बापाच्या सूडाचे भांडवल आणि नानांच्या वासनेचे खाद्य. तिच्या मरणाने बाप वेडा होतो, म्हणजे तिचे मरणही बापाच्या कथेतली एक घटना. तिला स्वतःचे असे चार शब्द मिळत नाहीत. भिंतीपलीकडच्या माणसाला जागा नाही, आणि भिंतीअलीकडच्या बाईला आवाज नाही.

७

मग या नाटकाची मोहिनी कशात आहे? पुष्कळ विचारानंतर मला उत्तर असे दिसते. हे नाटक म्हणजे एक खटला आहे. आरोपी मंचावर हजर आहे, पुरावा भरपूर आहे, आरोप गंभीर आहेत. फक्त फिर्यादी हजर नाही. ज्या खटल्यात फिर्यादीच नाही त्यात आरोपीला भरपाई द्यावी लागत नाही. तो स्वतःच्या गुन्ह्याचे वर्णन ऐकू शकतो, त्याला हसू शकतो, त्याच्या ठेक्यावर डोलू शकतो आणि टाळ्या वाजवून घरी जाऊ शकतो. पांढरपेशा प्रेक्षकाला या नाटकात स्वतःच्या पूर्वजांवर टीका ऐकल्याचे पुण्य मिळते आणि त्यासाठी काही सोडावे लागत नाही. आपल्या समोरच्या खुर्चीत कोण बसले आहे याकडे त्याने पाहावे, असे मंचावरून कोणी म्हणत नाही.

आणि आपल्या मुलांच्या टाळ्या? ब्राह्मण फजीत झालेला पाहून त्यांना आनंद होतो. तो आनंद समजण्यासारखा आहे, पण तो उसना आहे. फजिती करणाराही त्यांचा नाही आणि फजितीचे कारणही त्यांचे दुःख नाही.

फिर्यादी हजर असलेले नाटक मराठीत होतेच. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा यांना जोशीबुवा ग्रहांची भीती घालून कसे लुबाडतो, हे त्यात आहे. मधून मधून विदूषक येतो आणि प्रेक्षकांशी बोलतो, जसा 'घाशीराम'मध्ये सूत्रधार बोलतो. फरक एवढाच की इथे लुबाडले गेलेले जोडपे मंचाच्या मध्यभागी उभे आहे आणि शेवटी ते रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवते. नाटकाचा शेवट उत्सवात होत नाही, शाळेत होतो.

हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले आणि ते नाकारले गेले. कमिटीतल्या भट सभासदांपुढे इलाज चालला नाही, ही तक्रार त्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदवली. या कमिटीचा पैसा कुठला? पेशवे पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिचेच इंग्रजी अमदानीत झालेले रूपांतर. 'घाशीराम'मध्ये दक्षिणेसाठी जमलेली ब्राह्मणांची गर्दी पाहून प्रेक्षक हसतो. ती दक्षिणा पेशवाईबरोबर संपली, असे समजून तो हसतो. तीच दक्षिणा १८५५ साली कमिटी होऊन बसली होती आणि मराठीतल्या पहिल्या सामाजिक नाटकांपैकी एकाला तिने दार लावले होते. मुक्ता साळवेचा निबंध त्याच वर्षीचा. एकाच वर्षी, एकाच पुण्यात, फिर्यादींनी दोन फिर्यादी लिहून ठेवल्या. मराठी रंगभूमीने त्या वाचल्या असत्या तर सव्वाशे वर्षांनंतरचे पुणे वेगळे उभे राहिले असते.

८

'घाशीराम' बंद करा, अभ्यासक्रमातून काढा, असे मी म्हणणार नाही. ती मागणी नानांच्या चाहत्यांनी करून पाहिली आहे आणि ती भ्याड होती. नाटक खेळले जावे, शिकवले जावे. परंतु ते शिकवताना शिक्षकाने फळ्यावर दोन वेळा लिहाव्यात : दुपारी तीन आणि सकाळी नऊ. मग परवान्याचा प्रवेश वाचावा. त्याच आठवड्यात मुक्ताचा निबंध वाचावा आणि 'तृतीय रत्न' वाचावे. तिन्ही मिळून दोन-तीन तासिकांचे काम आहे. विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की या नगरात तुमचा पणजा कुठे उभा असता? मुले आपसूक बोलू लागतात. काही गप्प बसतात. त्यांचे गप्प बसणेही उत्तरच असते.

आणि आपल्या नाटकवाल्या मित्रांना एक विनंती. ती भिंत तुम्हांला आवडते ना? मग ती पुन्हा उभी करा. तोच ठेका घ्या, तीच ढोलकी घ्या, ती आपलीच आहे. फक्त या वेळी भिंतीच्या पलीकडून सुरुवात करा. गळ्यात मडके घातलेला माणूस वेशीबाहेर सूर्य वर येण्याची वाट पाहत बसला आहे आणि आतून गजर ऐकू येतो आहे. त्याला तो गजर कसा ऐकू येत असेल, हे मराठी रंगभूमीने अजून सांगितलेले नाही.